हुकूम आणि अंमल : पाणबुड्या कार्ल ब्रशीर याच्या चरित्राचीं साधनें

जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको कीं, सनद निघणें आणि सनदेचा अंमल बसणें या दोन भिन्न घटना होत. सनदेवर तारीख असते, शिक्का असतो, मोर्तब असतें. परंतु जें उत्पन्न सनदेनें दिलें तें गांवच्या अंमलदारानें केव्हां सोडलें, किती वर्षें टाळाटाळ केली, आणि सनदेचा धनी किती वेळां दरबारीं खेटे घालून परत आला, हें सनदेवरून कळत नाहीं. तें कळण्यास त्यामागून सुटलेलीं ताकीदपत्रें, तक्रारीचे अर्ज आणि खासगी पत्रें पाहावीं लागतात. केवळ सनदांच्या आधारें इतिहास लिहिला तर तो राज्यकर्त्यांच्या इच्छेचा इतिहास होतो. प्रजेस काय मिळालें त्याचा होत नाहीं.

हाच न्याय अर्वाचीन राज्यांसही लागू आहे. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं ९९८१ क्रमांकाचा हुकूम काढला, आणि लष्करांत व आरमारांत वंश, वर्ण, धर्म वा मूळ देश यांवरून भेद न करतां सर्वांस समान वागणूक व समान संधि मिळावी असें ठरविलें. या हुकुमापूर्वीं पांच महिने, म्हणजे २५ फेब्रुवारी १९४८ रोजीं, केंटकी संस्थानांतील एका गरीब कृष्णवर्णीय कुळाचा सतरा वर्षांचा मुलगा आरमारांत दाखल झाला होता. त्याचें नांव कार्ल मॅक्सवेल ब्रशीर. पुढें आरमाराच्या पाणबुड्यांत सर्वांत वरचें जें 'मास्टर डायव्हर' हें पद, तें त्यानें १९७० सालीं मिळविलें. हुकूम आणि अंमल यांमधील अंतर या एका माणसाच्या नोकरीवर जसें मोजतां येतें तसें क्वचितच येतें, म्हणून त्याच्या चरित्राचीं साधनें अभ्यासकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. येथें 'पाणबुड्या' म्हणजे पाण्याखालीं उतरून काम करणारा मनुष्य असें समजावें. 'पाणबुडी' ही युद्धनौका निराळी.

साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार सरकारी हुकूम, परिपत्रकें व नेमणुकीच्या नोंदी यांचा. हे अस्सल कागद होत. दुसरा प्रकार खुद्द ब्रशीर यानें १९८९ सालीं अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या पॉल स्टिलवेल या इतिहासकारापुढें दिलेल्या विस्तृत जबानीचा. ती घडलेल्या गोष्टींनंतर बऱ्याच वर्षांनीं दिलेली असली तरी प्रत्यक्षदर्शीची आहे. तिसरा प्रकार २००० सालीं निघालेल्या 'मेन ऑफ ऑनर' या बोलपटाचा. ब्रशीरचें नांव जगभर झालें तें या तिसऱ्या साधनामुळें. परंतु त्याची योग्यता आपल्याकडील उत्तरकालीन बखरीइतकीच धरली पाहिजे. त्यांतील काय घ्यावें व काय टाकावें याचा विचार पुढें केला आहे.

आतां ज्या भिंतीशीं ब्रशीरची गांठ पडली ती केव्हां व कशी उभी राहिली तें पाहूं. अमेरिकेच्या आरमारांतून काळ्या लोकांस प्रथमपासून दूर ठेवलें होतें असा सर्वसाधारण समज आहे; तो बरोबर नाहीं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत संघराज्याच्या आरमारांत सुमारें १८,००० कृष्णवर्णीय खलाशी होते, आणि ते गोऱ्यांबरोबर एकाच जहाजावर राबत. याच परंपरेंतला जॉन हेन्री टर्पिन हा १८९६ सालीं आरमारांत शिरला. हव्हाना बंदरांत १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं 'मेन' हें जहाज स्फोटानें उडालें, त्यांतून तो वांचला. पुढें २१ जुलै १९०५ रोजीं सॅन डिएगो येथें 'बेनिंग्टन' जहाजाचे बाष्पपात्र फुटलें. त्यांतूनही तो जिवंत राहिला, इतकेंच नव्हे तर त्यानें अनेक सोबत्यांस पोहून कांठास आणलें असें सांगतात. १९१७ सालीं तो तोफखान्याच्या खात्यांत 'चीफ' या दर्जास चढला. पाणबुड्याच्या कामांतही तो प्रवीण होता व त्यास 'मास्टर डायव्हर'ची योग्यता होती, असें आरमाराच्या इतिहासकारांच्या लिहिण्यांत येतें. तात्पर्य, विसाव्या शतकाच्या आरंभीं हें दार बंद नव्हतें. अरुंद असेल, पण उघडें होतें.

तें बंद झालें पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ सालीं आरमारानें काळ्या लोकांची नवी भरती थांबविली, आणि अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांतील कामासाठीं फिलिपाइन बेटांतील माणसें घेण्याचा परिपाठ ठेवला. १९३२ च्या सुमारास भरती पुन्हां सुरू झाली, पण केवळ वाढपी व खिदमतगार यांच्या शाखेपुरती. तिचा परिणाम आंकड्यांत स्पष्ट दिसतो. जून १९४० मध्यें आरमारांतील सुमारें १,७०,००० माणसांत कृष्णवर्णीय ४,००७ होते, म्हणजे शेंकडा सव्वादोनांहून किंचित् अधिक. आणि त्यांतले अवघे सहाजण सोडून बाकी सारे ताटें मांडण्याच्या व बिछाने घालण्याच्या कामावर होते. हे सहाजण बंदीपूर्वीच्या भरतीचे उरलेले. टर्पिनसारखी माणसें ज्या पिढींत निपजलीं ती पिढी निवृत्त होतांच तिच्या आठवणीही दप्तराखालीं गेल्या, आणि काळ्या माणसानें आरमारांत स्वयंपाकघराबाहेर कांहीं करावें ही गोष्टच नवीन वाटूं लागली. वीस वर्षांची रूढि सनातन म्हणून मिरवूं लागते ती अशी.

दुसऱ्या महायुद्धांत या रूढीस तडे गेले. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हां 'वेस्ट व्हर्जिनिया' जहाजावरील डोरिस मिलर या खिदमतगारानें जखमी कप्तानास हलविण्यास हात दिला, आणि जी तोफ चालविण्याचें शिक्षण त्यास कोणीं दिलें नव्हतें ती विमानवेधी तोफ शत्रूवर चालविली. त्यास १९४२ च्या मे महिन्यांत 'नेव्ही क्रॉस' हें पदक मिळालें. त्याच वर्षीं १ जूनपासून काळ्या लोकांस सर्वसाधारण नोकरींत घेण्याचें जाहीर झालें, पण शिक्षणाच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या. मार्च १९४४ मध्यें तेरा कृष्णवर्णीय प्रथमच अधिकारी झाले. शेवटीं २७ फेब्रुवारी १९४६ रोजीं एक परिपत्रक निघून नेमणुकींतील सर्व वर्णभेद रद्द झाल्याचें कळविण्यांत आलें. कागदापुरतें बोलावयाचें तर आरमारांतील भेद ट्रूमनच्या हुकुमापूर्वीं दोन वर्षें संपला होता.

आतां याच काळांत दाखल झालेल्या एका मुलाचें काय झालें तें पाहावें. ब्रशीरचा जन्म १९ जानेवारी १९३१ रोजीं केंटकींतील टोनीव्हिल या खेड्यांत झाला. नऊ भावंडांतील तो सहावा. बाप दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसणारा. पुढें हें कुटुंब सोनोरा गांवाजवळ जाऊन राहिलें, व तेथील काळ्या मुलांच्या शाळेंत १९३७ ते १९४६ पर्यंत तो शिकला. प्राथमिक शाळेपलीकडील शिक्षण त्यास मिळालें नाहीं. आरमारांत दाखल झाल्यावर प्राथमिक कवाईत त्यानें गोऱ्या मुलांबरोबर एकत्रच केली. म्हणजे तेथवर परिपत्रकाचा अंमल बसला होता. परंतु कवाईत संपून नेमणूक होतांच त्याची रवानगी फ्लॉरिडांतील की वेस्ट येथें अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत वाढपी म्हणून झाली. परिपत्रक निघून दोन वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यानें कोणास मज्जाव केला नव्हता. केवळ नेमणूक करणाऱ्या कारकुनाचा हात संवयीनें जुन्याच रकान्याकडे गेला. १९४८ सालीं आरमारांतील काळ्या लोकांपैकीं निम्म्याहून अधिक याच शाखेंत होते, यावरून ही संवय एकट्या त्या कारकुनाची नव्हती हें उघड आहे.

की वेस्ट येथें एका वडील बोसनानें त्याची अंगमेहनत व हुशारी पाहून त्यास भोजनगृहांतून सोडविलें, व समुद्रावर उतरणारीं विमानें कांठास ओढून घेण्याच्या कामावर लाविलें. तेथून तो विमानवाहू जहाजांवर गेला. अशाच एका जहाजावर असतांना पाण्यांत गेलेली वस्तु वर काढण्यासाठीं पितळी शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या उतरतांना त्यानें पाहिला, आणि आपण हेंच व्हावयाचें असें त्याच्या मनानें घेतलें.

हें काम कशा प्रकारचें होतें याची थोडी कल्पना वाचकांस असावी. त्या काळीं अमेरिकन आरमारांत 'मार्क फाइव्ह' नांवाचा पोशाख चालू होता. तो १९१६ सालापासून रूढ होता व पुढें सत्तरांहून अधिक नव्हे तरी साठ-पांसष्ट वर्षें टिकला. तांब्यापितळेचें शिरस्त्राण व छातीवरील पत्रा, रबर भरलेल्या जाड कापडाचा अंगरखा, कमरेस शिशाचा पट्टा आणि पायांत शिशाच्या तळाचे बूट, असें सर्व मिळून वजन सुमारें १९० पौंड भरे. वर नावेंतून नळीनें हवा पुरविली जाई, आणि दोरीचे ठराविक हिसके ही बोलण्याची एक भाषा असे. पाण्यांत दर तेहतीस फुटांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखालीं श्वासावाटे गेलेला नत्रवायु रक्तांत व मांसांत विरतो, आणि मनुष्य एकाएकीं वर आला तर बाटलींतील सोड्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होऊन सांधे आंखडतात, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून टप्प्याटप्प्यानें, घड्याळ पाहून वर यावें लागतें. बंदरांतील गाळांत डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं; सारें काम हातांच्या बोटांनीं ओळखून करावयाचें. अशा धंद्यांत नळी व दोरी धरणाऱ्या सोबत्यावर आपला जीव टांगलेला असतो. ज्यास सोबती आपला मानावयास तयार नाहींत त्यानें या धंद्यांत शिरणें म्हणजे काय, हें यावरून ध्यानांत येईल.

ब्रशीरनें पाणबुड्यांच्या शाळेसाठीं अर्ज केला. त्याचें उत्तर आलें नाहीं. पुन्हां केला, तो गहाळ झाल्याचें कळलें. असे अर्जामागून अर्ज होत गेले. जबानींतील हा भाग कागदांच्या अभ्यासकानें विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. नकाराचा हुकूम कोठेंही निघाला नाहीं. निघाला असता तर तो ९९८१ क्रमांकाच्या हुकुमाच्या उघड विरुद्ध झाला असता, आणि त्यावर दाद मागतां आली असती. गहाळ झालेल्या अर्जावर दाद मागतां येत नाहीं. भेद रद्द झाला असें हुकूम म्हणतो, आणि अर्ज मात्र मेजावरून मेजावर जातांना नाहींसा होतो. वरच्या दप्तरांत या सर्व प्रकाराची खूण राहते ती इतकीच, कीं राहावयास हवी ती राहत नाहीं. मागणारा थकला कीं प्रकरण आपोआप मिटतें. हा मनुष्य थकला नाहीं.

१९५४ सालीं न्यू जर्सींतील बेयोन येथील पाणबुडे व जहाज-उद्धार यांच्या शाळेंत त्याचा प्रवेश झाला. तो हजर झाला तेव्हां शिक्षणाधिकाऱ्यास वाटलें कीं हा स्वयंपाकी किंवा वाढपी म्हणून आला असावा. आपण विद्यार्थी आहों असें त्यानें सांगितल्यावर, इतर विद्यार्थी तुला कसे वागवतील याचा भरंवसा नाहीं व तूं शाळा पुरी करशील असेंही वाटत नाहीं, असें उत्तर मिळालें. ट्रूमनचा हुकूम निघून तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं. पुढें रात्रीं त्याच्या बिछान्यावर चिठ्ठ्या ठेवलेल्या सांपडूं लागल्या. आज तुला बुडवून मारूं, आम्हांस काळा पाणबुड्या नको, अशा आशयाचा मजकूर त्यांत असे. या चिठ्ठ्यांची साक्ष आपणांस त्याच्याच तोंडून मिळते. हुकूम राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा आणि चिठ्ठी निनांवी. पण त्या शाळेच्या आवारांत त्या घटकेस जोर कोणत्या कागदाचा अधिक होता, हें विचारण्याचें कारण नाहीं.

शाळा सोडून जाण्याचें त्याच्या मनांत आलें होतें. तेव्हां रूदरफोर्ड नांवाच्या एका बोसनानें त्यास बाहेर नेऊन समजावलें, कीं हार खाऊन परत जाऊं नको. ब्रशीरनें हें उपकार जबानींत नांव घेऊन नमूद केले आहेत. हुकुमाचा अंमल बसावयास शेवटीं कोणी तरी एक मनुष्य लागतो, आणि तो हुद्द्यानें मोठा असतोच असें नाहीं. की वेस्टचा बोसन व बेयोनचा बोसन या दोघांच्या आधारानें हा हुकूम ब्रशीरपर्यंत येऊन पोंचला. त्या वर्षीं सतराजण उत्तीर्ण झाले, त्यांत त्याचा क्रमांक सोळावा. त्या शाळेंतून बाहेर पडलेला तो पहिला कृष्णवर्णीय पाणबुड्या.

त्यानंतरचीं कामें धंद्याला धरून आहेत. एक गाडबोट मधोमध तुटून बुडाली होती, तिच्यावरील दारूगोळ्याचे सुमारें १६,००० नग त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं वर काढले. ऱ्होड आयलंडमध्यें असतांना पाण्यांत पडलेलीं विमानें व बुडालेल्यांचीं प्रेतें काढण्याचें काम त्याजकडे होतें. १९५९ सालीं तो 'चीफ' झाला. पुढें ग्वाम बेटावर पाण्याखालीं सुरुंग लावून अडथळे उडविण्याचें काम त्यानें केलें.

येथें आणखी एक अडसर आला. पहिल्या दर्जाचा पाणबुड्या होण्यास वॉशिंग्टन येथील खोल पाण्याच्या शाळेची परीक्षा द्यावी लागे, आणि तींत दाबाचें गणित, वायूंचे नियम, मिश्रणांचें रसायन व पाणबुड्यांच्या रोगांचें वैद्यक हे विषय असत. पहिल्या खेपेस तो नापास झाला. हा दोष परीक्षकांच्या द्वेषाचा म्हणतां येत नाहीं, तसा तो त्याच्या बुद्धीचाही नव्हे. सोनोराच्या त्या शाळेंत त्यास जें शिकविलेंच गेलें नव्हतें तें येथें विचारलें जात होतें. वर्णभेद एका ठिकाणीं रद्द झाला तरी त्याचें व्याज दुसऱ्या ठिकाणीं भरावें लागतें, तें असें. त्यानें रात्रीं बसून शाळेचा राहिलेला अभ्यास स्वतः पुरा केला, पुन्हां परीक्षेस बसला, आणि पहिल्या दर्जाचा झाला.

१७ जानेवारी १९६६ रोजीं स्पेनच्या दक्षिणेस पालोमारेस या खेड्यावर आकाशांत अमेरिकेचें एक बॉम्बफेकी बी-५२ विमान, हवेंतच त्यास इंधन भरणाऱ्या विमानावर आदळलें. अकरा वैमानिकांपैकीं सात मेले. विमानावर चार हायड्रोजन बाँब होते. तीन जमिनीवर सांपडले, चौथा समुद्रांत गेला. तो शोधण्यास अमेरिकन आरमाराचीं अनेक जहाजें जमलीं. त्यांत 'होइस्ट' या उद्धार-जहाजावर ब्रशीर होता. फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स नांवाच्या कोळ्यानें तो पडतांना पाहिला होता. त्यानें दाखविलेली जागा पुढें बरोबर ठरली. १५ मार्च रोजीं 'अल्व्हिन' या लहान पाणबुडीस तो दिसला, पुढें उचलतांना निसटला, पुन्हां सांपडला, आणि ७ एप्रिल रोजीं सुमारें २,९०० फूट खोलीवरून यंत्राच्या साह्यानें वर आला.

हें काम चालू असतां मार्चच्या उत्तरार्धांत 'होइस्ट'च्या तक्त्यावर अपघात झाला. जहाजाशीं बांधलेल्या होडीचा दोर ताणून तुटला, आणि ज्या लोखंडी नळास तो अडकविला होता तो उखडून तक्त्यावरून फेंकला गेला. ब्रशीर आपल्या माणसांस बाजूस लोटीत होता. नळाचा तडाखा त्याच्या डाव्या पायास गुडघ्याखालीं बसला, व पाय जवळजवळ तुटला. त्यास प्रथम स्पेनमधील तोर्रेहोन येथें, मग जर्मनींतील वीसबाडेन येथें, आणि शेवटीं व्हर्जिनियांतील पोर्ट्समथच्या आरमारी रुग्णालयांत नेलें. जखम सडूं लागली. पाय राखावयाचा तर कित्येक वर्षें अंथरुणांत जाणार, व तरीही तो कामाचा होईल कीं नाहीं याची खात्री नाहीं, अशी स्थिति झाली. तेव्हां पायाचा खालचा भाग कापून टाकावा असा आग्रह त्यानें स्वतः धरला, व वैद्यांनीं तो मानला.

पाय गेलेल्या खलाशास निवृत्त करणें हा ठरलेला रिवाज होता, व येथें वर्णाचा प्रश्न नव्हता. तरी पूर्वींच्या अठरा वर्षांत जी विद्या तो शिकला होता तीच आतां उपयोगी पडली : दप्तराशीं कसें लढावें ही ती विद्या. अर्ज करून भागत नाहीं हें त्यास ठाऊक होतें. म्हणून अर्जाआधीं त्यानें पुरावा तयार केला. ओळखीच्या एका अधिकाऱ्यास गळ घालून, कृत्रिम पाय लावून तो निरनिराळ्या पोशाखांत पाण्यांत उतरला, व आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं. हीं छायाचित्रें वैद्यकीय मंडळापुढें ठेवल्यावर त्यास एकदम नाहीं म्हणणें कठीण झालें. मार्च १९६७ पासून मार्च १९६८ पर्यंत एक वर्षभर त्यास नॉरफोक येथें पाणबुड्यांच्या शाळेंत परीक्षेवर ठेवलें.

या वर्षाविषयीं त्यानें जबानींत सांगितलेली एक गोष्ट सर्व प्रकरणाच्या मुळाशीं जाते. सकाळीं इतरांबरोबर धांवून आल्यावर कधीं कधीं कृत्रिम पायाच्या आंत रक्ताचें थारोळें झालेलें असे. पण तो आरमारी दवाखान्यांत गेला नाहीं. गेला असता तर तेथील वहींत नोंद झाली असती, आणि ती नोंद त्याच्या विरुद्ध पुरावा ठरली असती. म्हणून तो आडोशास जाऊन मीठ घातलेल्या ऊन पाण्याच्या बादलींत तो तुटका पाय बुडवून बसे. त्या वर्षाच्या दवाखान्याच्या वहीवरून कोणी इतिहास लिहूं लागला तर, या मनुष्यास कसलाही त्रास झाला नाहीं, असें त्यास लिहावें लागेल. एकदां त्याचे अर्ज दप्तरांतून नाहींसे झाले. आतां आपलें दुखणें दप्तरांत येऊं नये याची काळजी त्यानेंच घेतली. दोन्ही ठिकाणीं दप्तर कोरें आहे, आणि दोन्ही ठिकाणीं तें कोरें असण्याचें कारण एकच : ज्याच्या हातीं दप्तर त्याच्या हातीं माणसाचें दैव.

एप्रिल १९६८ मध्यें त्यास पुन्हां पूर्ण पाणबुड्या म्हणून मान्यता मिळाली. पाय कापलेल्या मनुष्यास अशी मान्यता अमेरिकन आरमारांत त्यापूर्वीं मिळाली नव्हती. १९७० सालीं तो 'मास्टर डायव्हर' झाला. या पदावरील मनुष्य केवळ उत्तम बुडी मारणारा असून चालत नाहीं. किती खोल, किती वेळ, कोणत्या पोशाखानें, आणि संकट आल्यास कोणता उपचार, हें सर्व तो ठरवितो, व खालीं गेलेल्या प्रत्येकाचा जीव त्याच्या शब्दावर असतो. बेयोनच्या शाळेंत ज्यास बुडवूं म्हणून चिठ्ठ्या आल्या, त्याच्याच हुकुमानें आतां सर्व वर्णांचे पाणबुडे उतरूं व चढूं लागले. १९७१ सालीं तो खलाशांतील सर्वोच्च 'मास्टर चीफ' या दर्जास पोंचला, व १ एप्रिल १९७९ रोजीं निवृत्त झाला. २५ जुलै २००६ रोजीं तो पोर्ट्समथ येथें वारला. त्याच्या नांवाचें एक रसदी जहाज आरमारानें २००८ सालीं पाण्यांत सोडलें.

आतां बखरीचा, म्हणजे बोलपटाचा, विचार करूं. बोलपटांत बिली संडे नांवाचा एक क्रूर गोरा शिक्षक आहे, व शेवटीं तो नायकाचा कैवारी होतो. असा कोणी मनुष्य नव्हता; अनेकांचे गुणदोष एकत्र करून तें पात्र रचलें आहे. बोलपटांत नायक समुद्रतळावर चालत जाऊन हरवलेला बाँब शोधतो. पण ती खोली मनुष्याच्या आवाक्याबाहेरची होती, व बाँब यंत्रांनींच काढला, हें वर आलेंच आहे. सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे न्यायासनापुढें अवजड पोशाख घालून बारा पावलें चालून दाखविण्याचा. तोही कल्पित आहे. या प्रसंगानें लोकांच्या मनाची जी पकड घेतली तिचें कारण समजण्यासारखें आहे : त्यांत एक शत्रु आहे, एक परीक्षा आहे, आणि पांच मिनिटांत निकाल आहे. प्रत्यक्षांत शत्रूस चेहरा नव्हता, परीक्षा एक वर्ष चालली, आणि तिचा मुख्य देखावा बादलीभर मिठाच्या पाण्याचा होता. बखरकार खोटें सांगतो असें नव्हे. तो लांब व कंटाळवाणें असें जें खरें असतें त्यास एका दिवसांत कोंबतो. पण त्यामुळें दोष एका दुष्ट माणसाच्या माथीं जातो, आणि ज्या निमूट कारकुनीनें हें सर्व केलें ती सुटून जाते.

'पहिला' या शब्दाचाही निर्णय येथेंच करावा. ब्रशीर हा पहिला कृष्णवर्णीय 'मास्टर डायव्हर' असें सर्वत्र लिहितात. टर्पिनविषयीं वर दिलेली माहिती ध्यानांत घेतां हें विधान थोडें मर्यादित करणें योग्य होईल : बेयोनच्या शाळेंतून रीतसर शिकून बाहेर पडलेला, आणि भेद रद्द झाल्याच्या हुकुमानंतर त्या पदास चढलेला, असा ब्रशीर पहिला. यानें त्याच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. उलट टर्पिनचें उदाहरण विसरलें गेलें तर, काळ्या लोकांस ही विद्या पूर्वीं कधींच येत नव्हती, व ती १९४८ च्या हुकुमानें दिली, असा भलताच अर्थ निघतो. विद्या होती. मध्यें तीस वर्षें ती मिळविण्याची वाट बुजविली होती. ब्रशीरनें नवी वाट पाडली नाहीं, बुजलेली मोकळी केली. आणि बुजलेली वाट मोकळी करणें हें पुष्कळ वेळां नव्या वाटेपेक्षां अवघड असतें, कारण ती बुजविणारे अजून कांठावर उभे असतात.

या चरित्रावरून आपल्या संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध थोडक्यांत सांगून लेख संपवितों. दप्तराची मोळी सोडल्यावर आपला हात प्रथम शिक्क्याच्या कागदाकडे जातो, व फाटका अर्ज, बिनतारखेची चिठ्ठी किंवा दवाखान्याचें टांचण बाजूस पडतें. शिक्क्याचा कागद राज्यानें काय द्यावयाचें ठरविलें तें सांगतो. तें कोणाच्या पदरीं कधीं पडलें हें बहुधा त्या बाजूस पडलेल्या कागदांतच असतें. ट्रूमनच्या हुकुमापासून ब्रशीरच्या शाळाप्रवेशापर्यंत सहा वर्षें, व सर्वोच्च पदापर्यंत बावीस वर्षें लागलीं. हुकूम एका दिवसांत वाचून होतो. त्या बावीस वर्षांची बखर मात्र गहाळ झालेल्या अर्जांनीं, निनांवी चिठ्ठ्यांनीं आणि वहींत न झालेल्या नोंदींनीं लिहिली आहे, व ती वाचणें हेंच संशोधकाचें खरें काम आहे.